तीन टोले आणि थोडं थांबणं

"तीनच टोले का, काका?"

बंद ठेवलेल्या दोन नंबरच्या बॉयलरवर पान्याने टोले देऊन, पत्र्याला कान लावून उभे असलेले काका दचकले. मागे संशोधक बाई उभी. कारखान्याच्या पन्नाशीनिमित्त ती त्याचा इतिहास लिहीत होती. महिनाभर फायली चाळून आता माणसं चाळायला निघाली होती.

"पद्धत आहे," काका म्हणाले.

"नियमांच्या पुस्तकात नाही. तरी तिन्ही पाळ्यांत सगळे टोले देतात. कुणी म्हणतं शकुन, कुणी म्हणतं बॉयलरला जाग यावी म्हणून. कुणी शिकवलं असं विचारलं, की सगळ्यांचं बोट तुमच्याकडे."

"श्रद्धा असते हो," सोबतचे मॅनेजर हसले. "काका बॉयलरशी बोलतात तेवढं घरी बोलत नाहीत! तसंच लिहा. चला, पॅकिंग दाखवतो."

ती हलली नाही. "एकवीस वर्षांपूर्वीच्या पाळीच्या वहीत तक्रार आहे, काका उगाच टोले मारत वेळ काढतात. त्याआधी दहाच दिवस इथे अपघात झाला होता." तिने कागद काढला. "'मयत कोणालाही न कळवता सफाईसाठी बॉयलरमध्ये उतरला.' खाली साक्षीदार म्हणून तुमची सही."

काकांनी पाना खाली ठेवला.

"जुनी मढी कशाला उकरायची?" मॅनेजरांचा आवाज खाली आला. "काका, निवृत्तीला आठ दिवस राहिलेत. सत्कार घ्या, सुखाने घरी जा."

सुख! ज्या दोस्ताबरोबर एका डब्यात जेवले, त्याच्या माथी दोष मारून मिळालेलं सुख. एकवीस वर्षं ते घशात अडकलं होतं. ना गिळवत, ना ओकवत.

"कळवलं होतं त्याने," काका म्हणाले. "'उतरतोय रे,' म्हणाला. मी मान हलवली. मग वरून फोन, वाफ पाहिजे, लवकर. घाईत तो आत आहे हे डोक्यातून गेलं आणि मी भलताच व्हॉल्व्ह फिरवला, वाफ त्याच्याच बॉयलरमध्ये शिरली. वाफ डोळ्यांना दिसते ना बाई, तोवर उशीर झालेला असतो." ते थांबले. "तेव्हाचे साहेब म्हणाले, एक गेला, आता दुसऱ्याने कशाला बुडायचं? मी सही केली."

"आणि टोले?"

"आत कुणी असलं, तर ओ देईल."

बाईचं पेन थांबलं. मॅनेजर खिडकीकडे वळले.

"हे छापायचं, काका?"

"छापा. पण पुस्तक त्याच्या घरी जाईल. त्याआधी मला जाऊन येऊ द्या."

संध्याकाळी दोस्ताच्या बायकोने दार उघडलं. "या भावोजी! असे उंबऱ्यातच का?"

काकांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, एक शब्दही मऊ न करता. ती ऐकत राहिली. हातातलं फडकं तिने आधी घडी केलं, मग उलगडलं, मग पुन्हा घडी केलं.

"लेक लहान होती तेव्हापासून सांगत आले," ती हळूच म्हणाली, "बापासारखा बेफिकीरपणा करू नकोस."

काकांची मान वर होईना.

तिने फोन उचलला, लेकीचा नंबर लावला. काकांना आत यायला म्हणाली नाही, जायलाही नाही. फोन तेवढा त्यांच्या हातात दिला.

"माझ्याकडून नको. तुमच्या तोंडून ऐकू दे तिला."

पलीकडे घंटी वाजत होती. काकांनी डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली आणि फोन कानाला लावला.