छतावरच राहिलेली ऊब

वर्नाचा ड्वाइटवर संशय होता, आणि एकदा तिच्या डोक्यात काही बसलं की ते काढायची कुणाची टाप नव्हती. फ्लोरिडात जानेवारीतही ऊन मुबलक. मागच्या अंगणात पोहण्याचा तलाव, छतावर काळ्या नळ्यांचे पट्टे. पंप पाणी वर चढवणार, ते उन्हात तापून परत येणार. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर तिचा नवरा एमेट त्या कोमट पाण्यात रोज अर्धा तास चालायचा. त्याचा डावा पाय त्यानेच सुटायला लागला होता.

ड्वाइट दर सोमवारी तलाव साफ करायला यायचा आणि जाताना पंपाचा वेग वाढवून ठेवायचा. त्याची पाठ वळली की दोन-तीन दिवसांत वर्ना तो कमी करायची. वीज काय फुकट येते? शिवाय तिच्याकडे पुरावाच होता म्हणा ना. पाणी परत येतं त्या तोंडाशी हात धरला, की ड्वाइटच्या वेगाने जेमतेम कोमट आणि तिच्या वेगाने चांगलं कढत. मेल्याला गॅसचा हीटर गळ्यात मारायचा असणार, दुसरं काय! शेवटी तिने वेग कमी करून पंपाच्या पेटीला कुलूपच ठोकलं.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात एमेटने पाण्यात उतरणं सोडलं. कंटाळा आला म्हणाला. पाय पुन्हा फरफटायला लागला, तेव्हा वर्ना घाबरली. ड्वाइटनेच काहीतरी करून ठेवलंय असं ठरवून तिने त्याला फैलावर घेतलं.

त्याने तलावाच्या मधोमध थर्मामीटर सोडला. पंच्याऐंशी फॅरनहाइट हवं होतं तिथे चौऱ्याहत्तर, म्हणजे जेमतेम तेवीस सेल्सिअस.

"बाई, तोंडाशी हात धरून काय कळणार?" तो म्हणाला. "हळू सोडलं की कढत येतं, पण वाटीभर. बाकीची ऊब छतावरच राहते. मला बादलीभर कोमट हवंय. ऊन असेल तेवढे चार तास पंप जोरात, एरवी मंदच. जादा वीज तेवढीच."

वर्नाला हे पटेना. ती काठावर खुर्चीत बसलेल्या एमेटकडे वळली. "पाणी गार होतं तर बोलला का नाहीस?"

एमेटची जीभ अजून जड होती. "तू रोज म्हणायचीस, बघ, तुझ्यासाठी किती गरम केलंय."

वर्ना स्वतः कधी त्या पाण्यात उतरली नव्हती. ती तशीच, अंगावरच्या कपड्यांनिशी पायऱ्या उतरली. कमरेएवढ्या पाण्यात तिला पाच मिनिटंही उभं राहवेना. एमेट त्यात पंधरा दिवस चालला होता.