पहिल्याच दिवशी पोहलेलं पिल्लू

“सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही,” शून्यकाका पलंगाच्या कडेवर टेकत म्हणाले. “तुझाही नाही बसणार. पण ऐक. असलं पिल्लू एकतीस वर्षांत पाहिलं नाही मी!”

डावा हात त्यांनी पाठीमागेच ठेवला होता.

बायकोने डोळे उघडले. हल्ली तेवढंही तिला दोनदा ठरवावं लागे. “फुटलं?”

“फुटलं काय विचारतेस? आतून दार ठोठावून आलं!”

शून्यकाका हे नाव उबवणी केंद्रातलं. तिथे सगळी हयात गेली त्यांची. त्यांनी सांगितलेल्या आकड्यातलं एक शून्य आधी पुसायचं आणि मग गोष्ट ऐकायची, असा तिथला रिवाज होता. चारशे अंडी एका खेपेत उचलली म्हणाले, की चाळीस धरायची. एक कोंबडा रोज पाळीच्या भोंग्याआधी हजेरी लावायला येई, हे मात्र कितीही शून्यं पुसली तरी कुणाच्या घशाखाली उतरलं नाही.

पण उबवणी यंत्राच्या दारापाशी हा माणूस एकही थाप मारत नसे. दारावर त्यांनीच लाल रंगाने लिहून ठेवलं होतं, ‘फुटत्या अंड्याला हात लावू नये.’ नव्याने कामाला लागलेल्या बायका आतली चिवचिव ऐकून कासावीस व्हायच्या.

“काका, थोडंसं कवच सोलू का? दमलंय हो बिचारं.”

“दमू दे. पापुद्र्यात त्याचं रक्त फिरतंय अजून. ते अंगात ओढून घेतलं की येईल आपलं आपण. तू आत्ता सोललंस, तर पिल्लू बाहेर येईल आणि रक्त राहील मागे.”

असं सांगून त्यांनी किती हात मागे खेचले असतील, त्याची गणती नाही.

महिन्यापूर्वी परसातली बदकाची मादी कुत्र्याने नेली. मागे गवतात सहा अंडी राहिली. काका टाकूनच देणार होते. बायको तेव्हा नुकतीच दवाखान्यातून घरी आली होती. आता करण्यासारखं काही नाही, असं सांगून डॉक्टरांनी तिला पाठवलं होतं. ती म्हणाली, “माझ्याबरोबर त्यांनाही कशाला काढता मोडीत?” मग पलंगाशेजारी खोकं आलं, खोक्यात बल्ब आला, पाण्याची वाटी आली. तिने प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढला. दिवसातून तीनदा ती अंडी फिरवायची. दहाव्या दिवशी काकांनी टॉर्चपुढे धरून पाहिली, तर पाच रिकामी. एकात जीव.

त्या एका अंड्याला ती फिरवत राहिली. पुढे तिचे हात उचलेनात, आणि अंडं फिरवायचे दिवसही नेमके तेव्हाच संपले.

“एकदा चालताना बघू दे मला,” ती म्हणाली होती. “मग निघते मी.” शेजारणीकडे जाऊन येते म्हणावं, तशी.

काल सकाळी अंड्याला आतून चोचीची टोच पडली. बदकाला दोन दोन दिवस लागतात, हे काकांना झोपेतही ठाऊक. दिवसभर आतून आवाज येत होता. बायको तिकडे तोंड करून पडून होती.

आज नर्सबाई आल्या. त्यांनी नाडी धरली, सोडली, परत धरली. मग काकांना स्वयंपाकघरात बोलावून म्हणाल्या, “काका, कुणाला बोलवायचं असेल, तर आजच बोलवून घ्या.”

बोलवण्यासारखं एकच होतं, आणि ते अजून अंड्यात होतं.

नर्सबाई गेल्यावर “वाटीत पाणी घालून आणतो” असं सांगून काकांनी खोकं स्वयंपाकघरात नेलं. टोच पडलेल्या जागेला नख लावलं. कवचाची एक चकती निघाली. दुसरी निघाली. खाली पापुद्र्यावर लाल धागे दिसले, अगदी जिते. थांबायची जागा हीच. काल लागलेल्या बाईलाही कळली असती.

आतल्या खोलीत ती खोकली. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.

काकांनी तिसरी चकती काढली.

रक्त फार नव्हतंच. त्याच्यात असून असणार किती? पिल्लू तळहातावर मावलं. पोटाशी बलक तसाच होता, आत घ्यायचा राहिलेला. चोच दोनदा उघडली. काका ते बल्बखाली धरून उभे राहिले, हात भाजेपर्यंत. मग परसात नळामागे मऊ माती होती, तिथे खड्डा केला. फुलीचा तुकडा आणि गोलाचा तुकडा, दोन्ही बरोबर ठेवले. हात साबणाने तीनदा धुतले. डाव्या अंगठ्याच्या नखाखालची रेघ तेवढी निघेना.

“मग?” बायको म्हणाली.

“मग काय! अंग झटकलं आणि माझ्यावर असं खेकसलं, की मीच दोन पावलं मागे! स्वयंपाकघरभर फिरलं. खुर्चीखालून, बादलीला वळसा घालून. म्हटलं, आता तरी दमेल. छे! घमेल्यात पाणी होतं, त्यात मारली उडी. पोहत तीन फेऱ्या! तीन गं! पुसायला शून्यसुद्धा नाही त्यात.”

ती हसली. हसताना श्वास अडकला, तशी काकांनी उजव्या हाताने तिची उशी वर सरकवली.

“कुठंय?”

“झोपलंय. पोहून पोहून मेलं...” काका थबकले. “मेलं दमलं असणार ना! उठलं की आणतो.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली.

“पोहलं?”

“मग!”

“आज? आईशिवाय?”

काकांनी उजव्या हाताने तिची चादर सारखी केली.

“अहो, आईच्या पिसांचं तेल लागलं नसेल, तर पहिल्या दिवशी पाणी दाखवू नये. भिजतं, गारठतं आणि जातं. जेवताना किती वेळा ऐकवलंत मला.” एवढं बोलायला तिला चार ठिकाणी थांबावं लागलं. “हात बघू. तो नाही. दुसरा.”

काकांनी डावा हात पुढे केला. तिने अंगठा धरला आणि नखावरून आपलं बोट फिरवलं. रेघ तशीच राहिली.

“पोहलं नाही ते,” ती म्हणाली. “घाई केलीत तुम्ही.”