रंगनाथचे स्नॅग

गुलाबाला रविवार नसतो. आज तोडला नाही तर उद्या उमलून बसतो, आणि उमललेल्या गुलाबाला बाजारात कोणी विचारत नाही. सायखेड्याच्या सखुबाईने छत्तीस वर्षं गुलाब तोडला, म्हणून तिलाही रविवार नव्हता. सख्ख्या भावाच्या लग्नातसुद्धा अक्षता टाकून ती संध्याकाळी मळ्यात परत आली होती. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा तिने मळा पुतण्याला, दत्तूला, वाट्याने दिला. मग तिने नवऱ्याला सांगितलं, की जिथे काहीच उगवत नाही अशा जागी मला आठ दिवस नुसतं बसायचंय.

तिचा नवरा रंगनाथ ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेला. त्याने ही मागणी कामाच्या ऑर्डरसारखी घेतली आणि मोबाईलवर शोधशोध करून हिमाचलातलं स्पितीचं खोरं काढलं. तपकिरी, उघडेबोडके डोंगर. सखुबाईने फोटो बोटांनी मोठे करकरून पाहिले आणि कुठे हिरवं दिसत नाही म्हटल्यावर तिचा जीव निवला. नाशिकला इंदिरानगरात राहणारा मुलगा अमोल म्हणाला की विमानाने जा, हॉटेल बुक करून देतो. पण हॉटेलवाल्यांच्या नाश्त्याच्या वेळेला उठायचं तर मळा काय वाईट होता, असं तिचं म्हणणं पडलं. आपली गाडी, आपला बिछाना, आणि मनाला येईल तेव्हा उठायचं.

गाडी निवडायला तिघं फिरले. अमोलला जीप पसंत होती, टपावर तंबू असलेली. सखुबाईने तंबूला लावलेली शिडी पाहिली, मग आपले गुडघे पाहिले, आणि चालायला लागली. दुसरी एक नवी कोरी, उंच व्हॅन होती. रंगनाथ तिच्याखाली पाठीवर सरपटत गेला आणि मान हलवत बाहेर आला. नुसती मागची चाकं ढकलणार, खडीच्या चढावर नुसती घासत बसेल, म्हणाला. तिसरी सापडली देवळालीच्या बाजूला एका भंगारवाल्याकडे. लिलावातून आलेली लष्कराची जुनी अँब्युलन्स, चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी. रंगनाथ खाली शिरून पुढचा अॅक्सल बोटांनी चाचपत होता, तेवढ्यात सखुबाई मागच्या दाराने आत चढली. ती ताठ उभी राहिली, हात वर केला, तरी छत वीतभर लांबच. हीच, असं तिने आतूनच सांगून टाकलं. आजाऱ्यांची गाडी घरात आणू नये, असं शेजारच्या साळूबाईने नंतर सुचवून पाहिलं. सखुबाईने उत्तर दिलं, की तिच्यात बसून माणसं बरी व्हायलाच गेली असतील.

काम सुरू झालं आणि रंगनाथ दहा वर्षांनी लहान झाला. स्ट्रेचरच्या पट्ट्या निघाल्या. पत्र्याच्या आत थंडी अडवणारा फोम बसला, वर ॲल्युमिनियम, आणि रिबिटांच्या रांगा अशा, की दोरी लावून बघा. आत जाणारी प्रत्येक वस्तू तो आधी फुलं तोलायच्या काट्यावर ठेवायचा. पाण्याची टाकी जड म्हणून दोन्ही अॅक्सलच्या मध्ये, तळाला. डावीकडे गॅसची शेगडी तर उजवीकडे तेवढ्याच वजनाच्या बॅटऱ्या. पलंगाची उंची त्याने सखुबाईला सात वेळा बसवून ठरवली. उठताना तिच्या गुडघ्यातून कळ येईनाशी झाली तेव्हाच त्याने खूण केली. तेव्हा सखुबाईला वाटलं, या माणसाने आपल्याला कधी गजरा आणला नाही ते काही फार बिघडलं नाही.

आणि एक वही होती. कारखान्यात विमानातल्या प्रत्येक खोटीला स्नॅग म्हणतात. स्नॅग वहीत लिहायचा, दुरुस्त करायचा, सही करून बंद करायचा. एक जरी स्नॅग उघडा असला तरी विमान हलायचं नाही. हा शब्द त्यांच्या घरात चौतीस वर्षं नांदत होता. आमटीत मीठ नसणं हा स्नॅग, आणि अमोलचं गणितात नापास होणंही स्नॅगच. आता गाडीची वही भरायला लागली. आरटीओत नोंद बदलून झाली, नवे टायर चढले, तरी वही काही मिटेना.

एप्रिलमध्ये डॉक्टरांनी सखुबाईच्या उजव्या गुडघ्याचा फोटो पाहून दिवाळीनंतरची ऑपरेशनची तारीख दिली, आणि पुढे अशा खडतर वाटा विसरा असंही सांगितलं. तिकडचे घाट जूनला उघडतात, ऑक्टोबरात बर्फाने मिटतात. म्हणजे हाच एक मोसम. जून स्नॅगमध्ये गेला. जुलै गेला. श्रावण सरला तेव्हा सखुबाईने वही स्वतः उघडली. स्नॅग १८७, चमचे वाजतात. १९१, पडद्याचा रंग भडक. १९४, चमचे पुन्हा वाजतात. तिने कालनिर्णयाचं पान उलटलं. आपण जाणार नाही, हे तिला त्या चमच्यांवरून कळलं.

दुपारी रंगनाथ गाडीखाली होता, बाहेर फक्त पाय. तिने स्टूल आणलं आणि त्या पायांशेजारी बसली.

"आता खरं सांगा. गाडीत काय कमी हाय?"

पान्याचा आवाज थांबला. पाय हलले नाहीत. खालून उत्तर आलं.

"गाडीत काय बी कमी नाय."

मग त्याने सगळं सांगितलं. समोरासमोर सांगता आलं नसतं, पण तोंडावर गाडीचा तळ होता म्हणून जमलं. गेल्या महिन्यात चाचणीला म्हणून तो एकटाच सप्तशृंगीच्या घाटात गेला होता. तिसऱ्या वळणावर खालची दरी दिसली आणि पुढे न्यायचा धीरच होईना, त्याने गाडी कडेला घेतली. दुसऱ्या कोणाला विनवून वळवून घेतली आणि परत आला. घरी येऊन डिझेलच्या फिल्टरचा स्नॅग लिहिला, तो खोटा. वहीतली ती एकच खोटी नोंद, असं तो दोनदा म्हणाला. जशी काही वहीचीच माफी मागत होता.

"चौतीस वर्षं मी इमानं तयार करून दिली, सखू. नेणारे येगळे होते. मी कवा बसलोसुद्धा नाय. मला तयार करता येतं. न्यायला नाय जमत."

सखुबाईला आधी राग आला, अगदी डोक्यात तिडीक गेली. अख्खा मोसम या माणसाने चमच्यांत घालवला. मग तिने त्याच्या पायांकडे पाहिलं. टाचेवर मोजा फाटला होता आणि अंगठे आत वळवून घेतले होते, मार खाणाऱ्या पोरासारखे. तिचा राग तिथेच विरघळला, आणि तिला त्याची दया आली.

"मी चालवते," ती म्हणाली.

बावीस वर्षं फुलांची पिकअप नाशिकच्या बाजारात तीच न्यायची. भर पावसात, मळ्याच्या चिखलातून, पहाटे चारला. गुडघा उठता-बसताना दुखायचा, क्लचचा पाय तर दुसराच होता. हे सगळं त्या घरात प्रत्येकाला ठाऊक होतं आणि तरी गाडी सखुबाई चालवेल हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, खुद्द तिच्यासुद्धा. फुलं नेणं ते काम आणि फिरायला नेणं ते पुरुषाचं, असं आपलं दोघांनी न बोलता धरलेलं.

ती उठून ड्रायव्हरच्या सीटवर बसली, आणि तिचे पाय अधांतरी. रंगनाथने दोन किलो वजन वाचवायला सीट पुढेमागे सरकवायची पट्टीच काढून टाकली होती आणि सीट आपल्या उंचीला कायमची ठोकली होती. तो खालून बाहेर आला, तिचे लोंबणारे पाय त्याने पाहिले आणि ओशाळला.

"हा खरा स्नॅग," सखुबाई म्हणाली. "लिवा."

चार दिवसांत त्याने सीट नव्याने बसवली, हसत हसत. पाचव्या दिवशी दोघांनी गाडी गोदावरीकाठच्या चिखलात नेली. चिखलात शिरायच्या आधीच चारही चाकांना जोर देणारा छोटा दांडा ओढायचा, अडकल्यावर नाही, हे त्याने एकदाच सांगितलं आणि बाहेर उतरून उभा राहिला. सखुबाईने दांडा ओढला, पहिला गिअर टाकला आणि ॲक्सिलरेटरवर नुसता पाय टेकवला. चारही चाकांनी चिखल धरला आणि गाडी म्हशीच्या सावकाशीने पलीकडे निघाली. रंगनाथ काठावरून टाळ्या वाजवत होता.

पितृपक्ष लागायच्या आत निघायचं ठरलं. सकाळी अमोल आणि सून तेजस्विनी येऊन डबे ठेवून, पाया पडून कामावर गेले. रंगनाथने चारही टायरांची हवा पाहिली, दारं ओढून पाहिली, वहीत शेवटची सही केली आणि फाटक उघडलं. दोन्ही हातांनी इशारे करत त्याने गाडी अंगणातून बाहेर काढली, जरा डावीकडे, सरळ, येऊ दे. गाडी रस्त्याला लागली. त्याने अंगठा वर करून सगळं ठीक असल्याची खूण केली, मागे सरकला, फाटक लोटलं आणि कडी घातली. आतून.

सखुबाईला आधी वाटलं, काहीतरी राहिलं असेल. ती थांबली. पण तो घराकडे वळला नाही. फाटकाच्या गजांना धरून गाडीकडे बघत उभा राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की हाक मारायला तिचा जीव होईना. ओझरला तो चौतीस वर्षं असाच उभा राहत असणार, विमान नजरेआड होईपर्यंत, आणि मग जेवणाचा डबा उघडत असणार. तिने काच खाली केली.

"अहो," ती म्हणाली, "तुमी आत राहिलात."

त्याने कडीकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताकडे. त्याचे डोळे भरले, ते त्याने बाहीने पुसले, आणि कडी काढायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला. तो वळसा घालून डाव्या दाराशी आला, चढला आणि पट्टा लावला. पुढे हात कुठे ठेवायचे ते त्याला कळेना. सखुबाईने पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली आणि क्लच सोडला.