दोन डोळ्यांची दुर्बीण

आरसा तुम्ही नेलात. जिल्ह्याच्या गावी पंख्याखाली बसून ज्यांनी तो कागद काढला, त्या तुम्हालाच म्हणतो आहे. ‘जुना सूक्ष्मदर्शक जमा केल्याशिवाय नवा मिळणार नाही’ असं लिहून तुम्ही जंगलातल्या एका दवाखान्याचा एकुलता एक डोळा काढून नेलात. पुढे काय झालं ते आता ऐकून घ्या.

त्या दवाखान्यात रक्त तपासायला इनायत होता. मूळचा आरमोरीचा. बाप घड्याळं दुरुस्त करायचा, डोळ्याच्या खोबणीत भिंग दाबून. “अब्बाचं भिंग दहापट दाखवे, माही दुर्बीण हजारपट दाखवते, धंदा एकच,” असं तो हसून सांगे. सूक्ष्मदर्शकाला तिकडे सगळे दुर्बीणच म्हणत. जुनी दुर्बीण काळी, एका डोळ्याची, बुडाशी फिरता आरसा. खिडकीजवळ ठेवायची, आरशानं आभाळाचा उजेड वर घ्यायचा. थेट सूर्य धरायचा नाही, डोळा जातो. स्लाइडवर तेलाचा थेंब सोडून सगळ्यात ताकदीचं भिंग त्यात टेकवलं की पेशींच्या पोटात हिवतापाच्या बारीक निळ्या अंगठ्या दिसत. बारा वर्षं तिनं कधी वीज मागितली नाही.

१९९८च्या पावसाळ्यात नवी आली. दोन डोळ्यांची, बुडात बल्ब. आता मान दुखणार नाही म्हणून इनायत खूश होता. सोबतच्या फॉर्मवर प्रश्न होता, वीज जोडणी आहे काय? खांब होता, मीटर होतं. इनायतनं लिहिलं, ‘आहे’. खोटं नव्हतं ते. वीज येते काय, असा रकाना तुम्ही ठेवलाच नव्हता. पण खाली सही त्याची होती.

ऑगस्ट संपता संपता वादळात सागाचं झाड तारांवर पडलं. एक दिवस गेला, दोन गेले, वीज नाही. गावागावांतून तापवाल्यांचं रक्त काचेवर येतच होतं. इनायत रोज स्लाइडी रंगवी, वाळवी, डब्यात उभ्या लावी. पाचव्या दिवशी साठ झाल्या, तेव्हा त्यानं डबा तालुक्याला पाठवला. आठव्या दिवशी डबा होता तसा परत आला. वर चिठ्ठी होती, ‘आपणाकडे नवीन उपकरण उपलब्ध आहे. आपल्या स्तरावर तपासणी करावी.’

नवव्या दिवशी सकाळी बुधू आला. त्याची सोळा वर्षांची पोर सोमारी खाटेवर, खाट चौघांच्या खांद्यावर. तापानं फणफणलेली, काहीबाही बरळत होती.

“बुधूमामा, वारलू नाई आला?” इनायतनं विचारलं. वारलू म्हणजे बुधूचा मोठा पोरगा. आठवड्यापूर्वी अंगात ताप घेऊन स्वतः चालत आला होता, रक्त देऊन गेला होता. वर मस्करी केली होती, “सुई हळू टोच भाऊ, माहं लग्न व्हाचं आहे.”

“गेला ना,” बुधू म्हणाला. “परवा. तुमच्या गोळ्या साऱ्या खाल्ल्या त्यानं.”

त्या गोळ्या साध्या, कुठल्याही तापवाल्याला देतात त्या. डोक्यात चढणाऱ्या हिवतापाला क्विनीन लागतं, आणि क्विनीन स्लाइडमध्ये जंतू सापडल्याशिवाय द्यायचं नाही, असाही तुमचाच कागद. डॉक्टर मीटिंगला गेलेले. सिस्टर चंदाबाई क्विनीनच्या पेटीची किल्ली मुठीत धरून उभी.

“इनायतभाऊ, तुमच्या रिपोर्टाबिगर पेटी खोलली तं माही नोकरी जाते. पाहा ना काहीतरी!”

“कायनं पाहू बाई? फुंकर मारून पेटवू का बल्ब?”

इतक्यात छतावर उजेडाचा एक तुकडा थरथरला. सोमारी तळमळत होती आणि तिच्या माळेतला टिनाच्या चौकटीचा आरसा दारातलं ऊन वर फेकत होता. इनायत त्या तुकड्याकडे पाहतच राहिला.

“मामा, तो आरसा देता?”

“वारलूनं बाजारातून आणला तिले,” बुधू म्हणाला. माळ त्यानंच सोडवली. “घे.”

दुर्बीण पडवीत आली. ‘छेडछाड केल्यास कारवाई’ अशी चिठ्ठी तिच्या अंगावर होती. इनायतनं बल्ब झाकणाऱ्या काचेवर आरसा तिरका ठेवला, मागे बुधूची चुन्याची डबी टेकू दिली. डोळे लावले. काळोख. डबी जराशी सरकवली आणि आत पांढरंशुभ्र गोल आभाळ उतरलं.

सोमारीचं रक्त घेतलं, वाळवलं, रंगवलं. एकेका पेशीत दोन-दोन अंगठ्या.

“चंदाबाई, खोला पेटी!”

दुपारी सलाईनमधून क्विनीन चालू झालं, तेव्हा बुधू पडवीत आला. “वारलूचं रगत आहे ना तुझ्यापाशी? दाखव.”

नाही म्हणता आलं असतं. इनायतनं डब्यातून स्लाइड काढून लावली. बुधूला आधी स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मग हळूहळू आतलं दिसू लागलं.

“हे निळे, बांगड्यावानी?”

“हाव मामा. तेच.”

“म्हणजे वारलू जित्ता होता तवापासून हे काचेवर होतं?”

“हाव.”

“मंग काऊन नाई पाह्यलं, भाऊ?”

“बल्ब नव्हता,” इनायत बोलून गेला. त्याच्या खोलीत दाढीचा आरसा नऊ दिवस खिळ्याला लटकत होता.

सोमारी वाचली. चौथ्या दिवशी खाटेवर बसून तिनं आधी आरसाच मागितला.

महिन्यानं तुमची नोटीस आली. शासकीय उपकरणावर अनधिकृत आरसा बसवल्याचा खुलासा तीन दिवसांत करावा.

इनायतनं खुलासा केला. ‘माझ्या चुका दोन,’ त्यानं लिहिलं. ‘फॉर्मवर “आहे” लिहिलं, ही पहिली. आरसा सुचायला नऊ दिवस लावले, ही दुसरी. सोबत वारलूची स्लाइड कापसात गुंडाळून पाठवत आहे. आपल्याकडे वीज आहे, आपल्या स्तरावर तपासावी. त्याच्या बापानं विचारलं आहे, का नाही पाहिलं? माझं उत्तर वर दिलं आहे. आपलं कधी देता?’