कंदिलाचं कोकरू

डोळे मिटा बघू. फार घट्ट नको, अलगद. आता असं समजा, की तुम्ही करमाडच्या पलीकडच्या माळावर उभे आहात. थंडीचे दिवस आहेत. सूर्य नुकताच खाली उतरलाय आणि ओढ्याकडून धुकं पाय न वाजवता वर येतंय. गवत दिसत नाही, वाट दिसत नाही. आणि त्या धुक्यातून, जमिनीपासून हातभर उंचीवर, पांढऱ्या शिड्या चालत येताहेत. लहान लहान शिड्या. त्यांच्या मागून पिवळे कंदील. कंदील पेटलेले नाहीत, पण चालताहेत. मधूनच एखादी शिडी थांबते, शिंकते आणि पुन्हा चालू लागते.

घाबरू नका. बानासुद्धा घाबरत नसे. ती रोज त्या वेळी दगडावर बसून, गुडघ्यांवर हनुवटी टेकून हे बघत राहायची. तिला वाटायचं, आता या शिड्या आभाळाला लागतील, कंदील एकामागून एक वर चढतील आणि सकाळी माळ अगदी रिकामा असेल.

सकाळी माळ रिकामा नसे. माळावर मेंढरं असत. ती होती काळीभोर, म्हणून तिन्हीसांजेला त्यांचं अंग दिसत नसे. दिसायची ती त्यांच्या पाठीवर काढलेली निशाणी. कारण गावात निवडणूक लागली होती.

बानाचा बाप मुंजाबा आणि चुलता कडूबा हे सख्खे भाऊ. कडूबा थोरला, बाना त्याला आबा म्हणे. मेंढरं दोघांची वेगळी, पण चरायला एकत्र आणि कोंडायला वाडाही एकच. कामं मात्र वाटलेली होती. लोकर कातरावी ती मुंजाबानंच. त्याच्या हातात कातर आली की मेंढीला झोप लागे आणि कातडीला ओरखडा उठत नसे. आणि मेंढी अडली, कोकरू उलटं आलं, पान्हा आटला, की हाक जायची कडूबाला. एकानं दुसऱ्याच्या कामात हात घालू नये असं कुणी ठरवलं नव्हतं. पण तसं चालत आलं होतं.

निजामाचं राज्य जाऊन तेव्हा बानाच्या वयापेक्षा थोडीच जास्त वर्षं झाली होती. आता ग्रामपंचायतीत कोण बसणार हे गावकऱ्यांनी ठरवायचं होतं, आणि गावाला ते खेळण्यासारखं नवं वाटत होतं. नानासाहेब उभे होते, त्यांची निशाणी कंदील. त्यांच्यासमोर बद्रीनाथ, निशाणी शिडी. पत्र्याचे भोंगे घेऊन पोरं गल्लोगल्ली ओरडत होती. कागदी बिल्ले वाटले जात होते आणि मुलं ते गोट्यांसारखे एकमेकांशी बदलत होती. दोन शिड्यांना एक कंदील, असा भाव चालला होता.

दुष्काळाच्या साली नानासाहेबांनी आपल्या विहिरीवर मुंजाबाची मेंढरं पाजू दिली होती, म्हणून मुंजाबा कंदिलाचा. बद्रीनाथ कडूबाच्या लग्नात स्वतः पंगतीत वाढायला उभा राहिला होता, म्हणून कडूबा शिडीचा. यात भांडण्यासारखं काही नव्हतं. सुरुवातीला ते भांडलेही नाहीत.

"मुंजाबा," कडूबा एकदा म्हणाला, "गावातल्या भिंती सरल्या रं. निशाणी काढाया जागाच नाय. आपली मेंढरं म्हंजी चालती भिंत की!"

"मंग माझ्या भिंतीवर कंदील," मुंजाबा म्हणाला.

"काढ की. कोण नगं म्हणतंय?"

कडूबाची बायको साळूबाई हिनं चुन्यात बाभळीचा डिंक कालवला आणि आपल्या मेंढरांवर रांगोळीसारख्या सरळ शिड्या ओढल्या. मुंजाबानं पिवडी, म्हणजे पिवळी माती, घेतली. त्याचा कंदील काही केल्या जमेना.

"भाऊजी, हे काय काढलंय?" साळूबाईनं विचारलं. "गाडगं हाय का मडकं?"

"वैनी, तुमाला उजेड सोसंना, म्हणून तसं दिसतंय!"

सगळे हसले. बानाही हसली. त्या दिवशी वाड्यात होळीसारखी मजा होती. मुंजाबा तेवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण पहाटेच्या दहिवरानं आपली निशाणी ओघळू नये, म्हणून त्यानं पिवडीत रॉकेल ओतलं.

आता बानाच्या कोकराची गोष्ट सांगायला हवी. त्याची आई त्याला जन्म देतानाच गेली होती. त्याच आठवड्यात कडूबाच्या काजळी नावाच्या मेंढीचं कोकरू लांडग्यानं नेलं. इकडे आईविना कोकरू, तिकडे कोकराविना आई. पण मेंढी परक्या कोकराला जवळ येऊ देत नाही. कडूबानं काजळीचं दूध पिळून त्या कोकराच्या पाठीवर चोळलं, तिचं डोकं मांडीत धरलं आणि तिला हुंगू दिलं. ती लाथा झाडायची, तो पुन्हा दूध चोळायचा. बाना शेजारी बसून बघत होती.

"मेंढी डोळ्यानं आई व्हत नाय, बाने," कडूबा हळू आवाजात म्हणाला होता. "नाकानं व्हती."

शेवटी काजळीच्या गळ्यातून एक खोल, गुरगुरल्यासारखा आवाज आला. आई कोकराशी बोलते तो आवाज. तेव्हापासून मुंजाबाचं कोकरू कडूबाच्या मेंढीला पीत होतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

कोकरांना कुणी रंग लावला नव्हता. पण बानानं हट्ट धरला, "बा, माझ्याबी कोकरावर कंदील काढ ना. बारका."

मुंजाबानं बोटानं बारका कंदील काढला. तो मात्र खरोखर कंदिलासारखा दिसला. कोकरू उड्या मारत काजळीकडे धावलं, तिच्या पोटाखाली शिरलं. काजळीनं मान वळवून हुंगलं. नाकपुड्या फुगल्या. आणि तिनं डोक्यानं अशी धडक दिली, की कोकरू कोलमडत बानाच्या पायाशी येऊन पडलं.

पुन्हा गेलं. पुन्हा धडक.

हे दृश्य बघायला नेमके शिडीचे दोन प्रचारक तिथे उभे होते. अशी गंमत ते कशी सोडतील? तिसऱ्या प्रहरापर्यंत भोंग्यातून सगळ्या गावाला कळलं: "ऐका हो ऐका, कंदिलाला मेंढीबी दूध देईना, तुमी मत कसं देता?" पाणवठ्यावर बाया हसल्या, पारावर म्हातारे हसले. आणि ऐकून कडूबाही हसला. तेवढं मुंजाबाच्या जिव्हारी लागलं.

"दादा, तूबी हसतुस?"

"हसू नगं तर काय करू? मेंढीला कोण शिकवाया गेलतं?"

मुंजाबा कुऱ्हाड घेऊन निघाला. त्यानं बोरीच्या काट्यांच्या फांद्या तोडून आणल्या आणि वाड्याच्या मधोमध रचल्या. इकडे कंदील, तिकडे शिड्या. "निकाल लागंस्तोवर हिकडचं कोकरू तिकडं जाणार नाय," तो म्हणाला.

"मी काय बोलवाया आलतो व्हय?" पलीकडून कडूबा म्हणाला.

पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखलेली ही माणसं. मेंढीनं का झिडकारलं, हे एरवी त्यांना नुसत्या वासावरून कळलं असतं. पण त्या दिवसांत वाऱ्यावर सगळीकडे चुना, गुलाल आणि रॉकेलच होतं. कोकराच्या पाठीला नाक लावून बघायचं कुणाला सुचलं नाही.

बानाची आई मंजुळाबाई हिनं शेळीचं दूध आणलं, चिंधी भिजवून कोकराच्या तोंडात धरली. चार थेंब घेऊन त्यानं तोंड फिरवलं. बाना त्याला कांबळ्यात घेऊन बसे. बसल्या बसल्या तिचा डोळा लागे आणि तिला दिसे, की कोकरू शिडीवरून वर वर चाललंय, त्याच्या पाठीवरचा कंदील बारीक होत चाललाय, आणि ती खालून हाक मारतेय पण आवाजच फुटत नाही. दचकून ती बघे, तर कोकरू मांडीवरच असे. नुसतं हलकं झालेलं. दिवसेंदिवस हलकं.

मतदानाच्या सकाळी ते पायावर उभंच राहिलं नाही.

वस्तीवर दोन बैलगाड्या आल्या होत्या. एकीवर कंदील लावलेला, एकीवर खरोखरची शिडी बांधलेली. बैलांच्या शिंगांना रिबिनी होत्या. सगळे नवे कपडे घालून निघाले होते. बानानं कोकरू उचललं, काट्यांच्या कडेकडेनं वळसा घातला आणि ती फेटा बांधत असलेल्या कडूबासमोर उभी राहिली.

"आबा, याला काजळीचं दूध लाव ना. मागल्यावानी."

कडूबानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग कोकराकडे. त्यानं फेटा तसाच अर्धा सोडून दिला, खाली वाकला आणि कोकराच्या पाठीवर नाक टेकवलं.

"आरारारा," तो म्हणाला. "रॉकेल. लेकराला रॉकेल फासलंय."

"मंग दूध लाव ना."

"वरून दूध आन् खाली रॉकेल, काय उपेग न्हाई, बाने. ही लोकर निघाया पायजे. मुळापासनं. आन् ही कोवळी कातडी. माझ्या हातानं कापली तर रगतच निघंल." तो काट्यांच्या पलीकडे बघत राहिला. पलीकडे मुंजाबा गाडीत चढत होता. एक हाक मारली असती तर ऐकू गेली असती. कडूबाच्या ओठांपर्यंत ती आली आणि तिथेच राहिली.

बाना पुन्हा वळसा घालून धावली.

"बा, याची लोकर कातर. आबा म्हणतोय रॉकेलाचा वास हाय. त्यानंच काजळी वळखंना."

मुंजाबाचा चेहरा पडला. आपण काय केलं हे त्याला त्या क्षणी कळलं. पण गाडीत आजूबाजूला माणसं होती, आणि गाडी हाकणारा सांडू मागे वळून बघत होता.

"आत्ता?" मुंजाबा म्हणाला. "मतदानाच्या दिवशी म्या माझ्या हातानं कंदील कापू? ते भोंगेवाले काय वरडतील?"

"ते मरंल, बा."

"मत टाकून येतो. आल्याव बघू. सांडू, हाक गाडी."

बाना जागची हलली, ती खोपटाकडे. खुंटीवरची कातर तिनं काढली. ती तिच्या कोपरापर्यंत लांब होती. परत आली आणि बैलांच्या समोर, वाटेच्या मधोमध मांडी घालून बसली. कोकरू मांडीवर घेतलं. दोन्ही हातांनी कातर उघडली आणि पिवळ्या कंदिलावर टेकवली.

"ए पोरी!" सांडू ओरडला. "बैल बिथरतील!"

कातर एकदा मिटली. थोडी पिवळी लोकर उडाली. कोकरू कळवळलं.

"थांब! कातडी कापशील!" मुंजाबानं गाडीतून उडीच टाकली. त्यानं तिच्या हातातून कातर घेतली, आणि मग त्या हाताला काही सांगावं लागलं नाही. कचकच, कचकच. कंदिलाचा दांडा गेला, काच गेली, बूड गेलं. वारा पिवळे पुंजके माळाकडे नेत होता. खाली कोकराची पाठ उघडी पडली, फिकी आणि थरथरणारी. एकही ओरखडा नव्हता.

"पानी ऊन हाय का?" त्यानं मान वर न करता विचारलं.

मंजुळाबाई आधीच तांब्या घेऊन उभी होती. तिनं शिकेकाईच्या पाण्यानं पाठ धुतली, पदरानं टिपली. तोवर काट्यांच्या फांद्या खसखसल्या. कडूबा काठीनं वाट करत, काजळीला मानेशी धरून अलीकडे येत होता. अर्धा फेटा त्याच्या पाठीवर लोंबत होता. दोघं भाऊ एकमेकांकडे न बघता खाली बसले. एकानं कोकरू धरलं, एकानं मेंढी. दुधाची धार उघड्या पाठीवर पडली.

काजळीनं हुंगलं आणि पाय आपटला.

"गप ऱ्हावा समदे," कडूबा म्हणाला.

दोन्ही गाड्यांतली माणसं गप्प झाली. भोंगासुद्धा. बैलांच्या गळ्यातला एखादा घुंगूर तेवढा वाजत होता. काजळीनं परत नाक पुढे केलं. फार वेळ. मग जीभ बाहेर आली. एकदा चाटलं, पुन्हा चाटलं, आणि तिच्या गळ्यातून तो खोल आवाज आला.

कोकराची शेपटी हलायला लागली.

"आता या कोकराचं मत कुणाला म्हणायचं?" सांडूनं विचारलं.

"ज्याच्या गाडीतला माणूस कमी बोलंल त्याला," साळूबाई म्हणाली, आणि हसू दोन्ही गाड्यांत पसरलं.

गाड्या पुढे गेल्या. भाऊ पायी निघाले. मुंजाबानं कंदिलालाच मत दिलं आणि कडूबानं शिडीलाच. ते काही बदललं नाही. पण जाताना वाटेवर ते निवडणुकीचं बोलत नव्हते. उघड्या पाठीच्या कोकराला थंडी वाजेल, त्याला आजपासून कुठल्या घोंगडीत ठेवायचं, यावर दोघांचं मोठ्यानं चाललं होतं, आणि साळूबाई व मंजुळाबाई मागून दोघांनाही चुकीचं ठरवत होत्या.

वस्तीवर बाना एकटी राहिली. ऊन वर आलं होतं. काजळी रवंथ करत उभी होती, कोकरू पोट भरून तिच्या पायाशी लवंडलं होतं. बानानं बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग ती त्याच्याशेजारी मातीत आडवी झाली, त्याच्या उघड्या पाठीला तिनं आपलं नाक लावलं आणि डोळे मिटून, काजळीला काय कळलं असेल ते शोधत, लांब श्वास घेतला.