खरी नोंद लगेच वाळते

आमच्या शाळेत मुलाबद्दल खरी नोंद लिहिली, की लिहिलेली गोष्ट त्या मुलातून निघून जाते. ती वहीत जाते आणि तिथेच राहते. ऑफिसातल्या लोखंडी कपाटात जुन्या नोंदवह्या आहेत. मधल्या सुट्टीनंतर वर्ग शांत झाले, की त्या कपाटातून खिदळण्याचा, बाक वाजवण्याचा, नाक ओढण्याचा आवाज येतो. आम्ही शिक्षक जाता-येता कपाटावर थाप मारतो आणि म्हणतो, "ए, गप्प बसा रे." तेवढ्यापुरतं थांबतं.

मी रुजू झाले त्याच दिवशी दहातोंडे गुरुजींनी मला हे सगळं समजावलं होतं. गुरुजी चौथीला शिकवतात. आडनाव दहातोंडे असलं तरी आहे त्या एका तोंडात कायम बडीशेप, त्यामुळे बोलणं कमी.

"फापाळे मॅडम, नोंदी लिहिताना पोराकडं बघायचंच नाही," ते म्हणाले. "तालुक्याला तयार नोंदींचं पुस्तक मिळतं, त्यातनं उतरवायचं. आन् उतरवायचं ते उलटं. वळवळ्या पोराला लिहायचं, 'शांतपणे ऐकतो'. जी तोंड उघडत नाही तिला लिहायचं, 'निर्भीडपणे मत मांडते'. म्हणजे पोरातनं काही जात नाही. फक्त खोटी नोंद वाळत नाही, वर्षभर ओली राहती. पानांमधी पेपर घालून ठेवायचा."

"आणि खरी लिहिली तर?"

गुरुजींनी खिडकीतून फाटकाकडे बोट केलं. रंजना नावाची बाई मुलाला सोडायला आली होती. "ही माझ्याच वर्गात होती. मी नवा होतो, हौस होती. लिहिलं, 'सदा हसतमुख असते'."

रंजनाने आमच्याकडे पाहून मान लववली. तिच्या चेहऱ्यावर डोळे, नाक, ओठ सगळं जागच्या जागी होतं, आणि त्यातलं काहीही हलत नव्हतं. त्या दिवसापासून मीही पुस्तकातून उलटं उतरवू लागले. पालक खूश असायचे. आपला गुंड 'नम्र' आहे हे वाचून कुणाला वाईट वाटतं?

पण मला बघायची खोड आहे. कोण दुसऱ्याच्या दप्तरातला खोडरबर काढून नुसता वास घेतो आणि परत ठेवतो, कोण उत्तर येत असूनही शेजारणीला आधी बोलू देते, सगळं मला दिसतं. सगळ्यांत जास्त मी बघते ती केतकीला. केतकी माझी मुलगी, माझ्याच वर्गात दुसरीला. वर्गात ती मला मॅडम म्हणते. हे मी शिकवलेलं नाही, तिचं तिनेच ठरवलं. शाळा सुटली की ती वर्गाच्या उंबऱ्यावर एक क्षण थांबते, बाहेर पाऊल टाकते आणि म्हणते, "आई, भूक लागली." दिवसभर आमची गाठच पडली नव्हती असं वाटावं, इतकी ती हाक ताजी असते. खरं सांगते, शाळा सुटायची वाट पोरांपेक्षा मी जास्त बघते.

दिवाळीनंतर तालुक्याहून शिक्षण खात्याचे बिडवाई साहेब नोंदी तपासायला आले. त्यांनी माझी वही उघडली, मधले पेपर बाजूला काढले आणि पानावरून अंगठा फिरवला. अक्षरं पुसली गेली. त्यांनी पुढचं पान उलटलं, तिथेही तेच झालं. साहेब रागावले नाहीत. निळा झालेला अंगठा रुमालाला पुसत म्हणाले, "यातलं एक अक्षर खरं नाही."

"सगळेच असं लिहितात, साहेब."

"सगळ्यांना दिसत नाही. तुम्हाला दिसतं, असं माझ्या कानावर आलंय. तुमचा वर्ग आपण आदर्श करू."

ते मागच्या भिंतीशी गेले आणि पोरांच्या बुटक्या खुर्चीत बसले. गुडघे कानांपर्यंत आले. दुसऱ्या दिवशी मी कुलूप उघडलं तेव्हाही ते तसेच बसलेले होते. त्यानंतर ते गेलेच नाहीत.

मी ठरवलं, लिहायचंच आहे तर अगदी फालतू लिहू. गेलं तरी ज्याचं कुणाला सुतक नाही, असं. रंजनाचा मुलगा प्रज्वल समोरच बसायचा. त्याच्या पानावर मी लिहिलं, "पेन्सिलचं टोक चावतो." शाई लिहितालिहिताच वाळली. साहेबांनी अंगठा फिरवला, अंगठा कोरा राहिला. प्रज्वलने पेन्सिल तोंडातून काढली, तिच्याकडे पाहिलं आणि बाकावर ठेवली. चला, बरंच झालं, असं मला वाटलं.

सकाळी रंजना फाटकाशी उभी होती. "मॅडम, पोरगं घास चावंना. तोंडात धरतंय न् तसंच बसतंय. मी भाकर दुधात कुस्करून, पातळ करून पाजली. काय लिहिलं तुम्ही?"

"पेन्सिल चावतो. एवढंच."

"एवढंच," रंजना म्हणाली. तिला राग आला होता की रडू, ते चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता.

त्या दिवशी मी लिहायचं नाही असं ठरवून वर्गात गेले. साहेबांची खुर्ची एका बाकाने पुढे आली होती. ती कुणी सरकवली नव्हती. फरशीवर ओरखडा नव्हता. साहेब ज्या बाकाशेजारी होते, त्या बाकावरच्या मुलाकडे त्यांनी पाहिलं आणि खिशातून स्वतःचं पेन काढलं. त्यांचं पेन जाड होतं. साहेब काय लिहितील ते मला सांगता येईना, पण ते मोठं असेल हे कळलं. मी घाईघाईने वही ओढली आणि त्या मुलाचं बारीकसं काहीतरी लिहिलं, "बाकाखाली पाय हलवतो." संध्याकाळी त्याचा बाप त्याला खांद्यावर टाकून घेऊन गेला.

मग ते रोजचंच झालं. खुर्ची पुढे यायची, साहेब पेन काढायचे, मी त्यांच्या आधी लिहायचे. वाघाला शेळी दिली की गाव वाचतं म्हणतात, तसं मी स्वतःला समजावत होते, पण शेळ्या माझ्याच होत्या. ईश्वरीच्या पानावर लिहिलं, "उत्तर येत असूनही शेजारणीला आधी बोलू देते." साहेब म्हणाले, "ही खरी नोंद." आणि त्यानंतर ईश्वरीच्या आसपास कुणी बसेनासं झालं.

वर्ग इतका शांत झाला, की फळ्यावर खडू टेकवायला मला भीती वाटायची. ऑफिसातलं कपाट मात्र फुगलं. त्याची दारं मिटेनात, म्हणून शिपायाने त्यांना सुतळी बांधली. आता थाप मारली तरी ते गप्प बसत नव्हतं. आसपासच्या शाळांचे शिक्षक आमचा वर्ग बघायला यायचे, खिडकीत उभे राहून म्हणायचे, "काय वळण लावलंय!"

दहातोंडे गुरुजींनी मला व्हरांड्यात गाठलं. "केतकीचं पान?"

"कोरं आहे."

"कोरंच राहू द्या."

"राहू देतील?"

गुरुजींनी खिशातली पुडी काढली, बडीशेप तोंडात टाकली आणि चावत राहिले. मला त्या माणसाचा इतका राग आला, की कधी कुणाचा आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी केतकीला घरीच ठेवलं. ताप आहे असं शेजारच्या काकूंना सांगितलं, तिला त्यांच्याकडे बसवलं, बाहेरून कडी लावायला सांगितली. शाळेत आले, वर्गाचं कुलूप काढलं. केतकी आपल्या बाकावर बसलेली होती. वेणी घातलेली, दप्तर मांडीवर.

"तू कशी आलीस?"

"हजेरीत नाव आहे ना, मॅडम," ती म्हणाली.

साहेबांची खुर्ची तिच्या बाकाला टेकलेली होती.

दिवसभर मी शिकवत राहिले. पाठ फिरवली नाही, फळ्यावरसुद्धा तिरकी उभी राहून लिहिलं. शेवटच्या तासाला साहेबांनी वही उघडून माझ्यासमोर धरली. "एक पान कोरं आहे."

"ती माझी मुलगी आहे."

"वर्गात मुलगी नसते. विद्यार्थिनी असते."

"तिचं मला काही दिसत नाही, साहेब."

"हरकत नाही." त्यांनी पेनचं टोपण काढलं. "मला दिसतं. तुम्ही फळ्यावर लिहिता तेव्हा ती तुमच्याकडे कशी बघते, ते मी मघापासून बघतोय. दोन-तीन शब्दांत मावेल."

"थांबा," मी म्हणाले. माझा आवाज चिरका निघाला. सगळ्या वर्गाने माझ्याकडे पाहिलं. पाहणं तेवढं अजून त्यांच्यात उरलं होतं. "मी लिहिते. माझी नोंद आहे, मी लिहिणार."

साहेबांनी टोपण लावलं नाही. वही मात्र दिली.

मी केतकीकडे पाहिलं. ती खोडरबरचा चुरा बोटाने गोळा करून त्याची गोळी वळत होती. हे लिहिलं तर तिला पुढे आयुष्यात काहीच गोळा करता येणार नाही. ती बारीक आवाजात गुणगुणत होती. ते मी कपाटात ठेवू देणार नव्हते. तिने बेरीज करताना बोटं मोजली, अडली तेव्हा वेणीचं टोक ओठांवरून फिरवलं, मग स्वतःशीच हसली. मी एकेक गोष्ट उचलून बघत होते आणि परत ठेवत होते. बाजारात पैसे कमी असलेली बाई भाजी बघते तशी. तिच्यातलं मला काहीच जास्तीचं वाटेना.

साहेबांनी वाकून माझ्यापुढच्या कोऱ्या पानावर पेन टेकवलं.

तेवढ्यात केतकीने दाराकडे पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. शाळा सुटायची वेळ झाली की ती नेहमीच पाहते. मला एकदम सुटल्यासारखं झालं. दार! दारापुरती मी आहे ना. तिने नाही पाहिलं दाराकडे तरी काय बिघडलं, मी बोट धरून नेईन. रोज नेईन, जन्मभर नेईन. तिच्या एवढ्या सगळ्या गोष्टींत जिथे मी तिला पुरी पडेन अशी ही एकच होती. मी लिहिलं, "शाळा सुटण्याच्या सुमारास वारंवार दाराकडे पाहते."

शेवटचं अक्षर पुरं व्हायच्या आत शाई वाळली.

साहेबांनी अंगठा फिरवला. "खरी आहे." त्यांनी टोपण लावलं, वही काखेत घेतली, उठले आणि ऑफिसाकडे निघून गेले. बुटकी खुर्ची पहिल्यांदाच रिकामी झाली. मला रडू फुटलं ते आनंदाने. वाचली, असं मी मोठ्याने म्हणालेसुद्धा.

घंटा झाली. मुलं ओळीने, आवाज न करता बाहेर गेली. केतकी दप्तर भरून बाकाशी उभी राहिली. मी तिचं दप्तर खांद्याला लावलं, तिचं बोट धरलं. "चल."

ती आली. अगदी नेहमीसारखी, उड्या मारत. उंबऱ्यावर नेहमीसारखी थांबली मात्र नाही. मी बाहेर पाऊल टाकलं, आणि माझी मूठ रिकामी झाली. साबणाच्या हातातून बांगडी निघावी तसं तिचं बोट निघालं.

मी वळले. केतकी आत होती. भिंतीला हात लावून चालत होती. भिंतीवरून हात दाराच्या चौकटीवर आला, चौकटीवरून उघड्या दारात आला, तिथेही तसाच सपाट टेकला, सरकत पलीकडच्या चौकटीवर गेला आणि पुढे भिंतीवर.

मी आत गेले, बाहेर आले. मला दार होतं. मी तिला उचललं, छातीशी घट्ट धरलं, डोळे मिटून उंबरा ओलांडला. बाहेर आले तेव्हा माझे हात तसेच वळलेले होते आणि त्यांत काही नव्हतं. खांद्यावर तिचं दप्तर होतं.

ऑफिसात कपाटातून आवाज यायला लागला. खिदळण्याचा नव्हता. आतून कुणीतरी हळूहळू दार ठोठावत होतं.

"केतकी, मी इथे आहे," मी म्हणाले. "बाहेर आहे मी. हे बघ. आई म्हण."

आवाजाच्या रोखाने ती आली. माझ्या तोंडासमोर, मोकळ्या दारात, तिने दोन्ही तळवे टेकवले. बोटांची टोकं दबून पांढरी झाली. नाकही टेकवलं. तिच्या श्वासाची वाफ हवेवरच धरली आणि तिचा चेहरा अंधुक झाला.

"मॅडम," ती म्हणाली, "शाळा कधी सुटणार?"