नाकासमोरचा तापमापक

एक शेड, चार दिवे, आठ दिवसांची तीनशे साठ पिल्लं आणि खांबाला टांगलेला मी, एक जुना तापमापक. मित्रांनो, थंडीची लाट आली त्या संध्याकाळी तिथे एवढंच होतं.

कारागिराने माझी काचनळी बर्फात बुडवून शून्याची खूण केली, उकळत्या पाण्यात धरून शंभराची. अकरा वर्षं मी एका प्रयोगशाळेत होतो. "हा अर्ध्या अंशानेही चुकत नाही," असं तिथले सर कौतुकाने सांगत. मग आकडे चमकवणारे नवे तापमापक आले आणि मी अडगळीत पडलो. तिथून मला कोंबडीवाल्या काकांनी आणलं. वाचताना वाकायला नको, म्हणून त्यांनी मला अगदी नाकासमोर टांगलं.

रेडिओवर लाटेचा इशारा आला तेव्हा काका हसले. "लाट म्हणे! थंडीच्या दिवसांत थंडी नाही तर काय घाम येणार?"

"नुसती थंडी नव्हे हो, बाबा," त्यांची मुलगी म्हणाली. "नेहमीपेक्षा पारा एकदम खूप खाली आला, की लाट म्हणतात. अंगाला सवय व्हायला वेळच मिळत नाही. पिल्लांच्या उबेला आणखी दोन दिवे लावू या ना!"

"अगं, हा बघ, एकोणतीस! याच्यापुढे तुझा रेडिओ काय सांगणार?"

खरं सांगतो, मला अभिमान वाटला.

उजाडताच काकूंनी दार उघडलं आणि हातातला दाण्यांचा डबा खाली पडला. उबेसाठी पिल्लं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढली होती. खालची गुदमरली होती. एकशे चौदा. एका रात्रीत!

"अहो, पण हा तर अजून सत्तावीस दाखवतोय..." काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"तुम्ही साडेपाच फुटांचे," काकू म्हणाल्या, "ती चार बोटांची आहेत!"

मी खोटं बोललो नव्हतो. दिव्यांची ऊब वर चढून माझ्यापाशी साचली होती, तीच मी सांगितली. खाली काय चाललंय, हे मला कुणी विचारलंच नाही. मित्रांनो, ज्याला जपायचं, त्याच्या उंचीवर मला टांगा. वाकावं लागलं तरी चालेल.

मुलीने मला खांबावरून काढलं आणि उरलेल्या पिल्लांमध्ये, जमिनीपासून चार बोटांवर धरलं. पारा घसरू लागला. पाच मिनिटांनी थांबला.

सोळा अंश.